मायलोमाचे औषध घरी देताना
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शाळाही सातवीपर्यंतच झाली. पण गेली दोन वर्षे आमच्या मामंजींचे औषधपाणी मी पाहते, म्हणून कार्यवाहबाई म्हणाल्या, "घरी जे करतेस तेच येऊन सांग." मी सांगणार ते डॉक्टरांनी आणि औषधांच्या दुकानातल्या मुलीने मला पुन्हा पुन्हा समजावलेले आहे. माझ्या पदरचे त्यात काही नाही.

मामंजींना मल्टिपल मायलोमा आहे. हाडांच्या आतल्या मज्जेत एका जातीच्या पेशी बेसुमार वाढतात, असा हा कॅन्सर. त्याने हाडे ठिसूळ होतात, रक्त कमी होते, मूत्रपिंडांवर ताण येतो. कॅन्सर म्हटला की आपल्याला सलाईन आणि इंजेक्शने आठवतात. तीही असतातच, पण मामंजींचे मुख्य औषध म्हणजे लेनालिडोमाइडची कॅप्सूल, आणि ती आमच्या घरच्या डब्यात असते. सोय मोठी खरी, मात्र दवाखान्यात जे काम नर्सबाई करतात ते घरी आपल्याकडे येते.

ही कॅप्सूल रोज एक अशी 21 दिवस घ्यायची आणि मग 7 दिवस बंद. तेवढ्यात रक्तातल्या पेशी सावरतात. पुढची फेरी रक्त तपासून, डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू होते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री लाल पेन्सिलीने खूण करते. मामंजी कॅप्सूल गिळतात, मग खूण, आधी नाही. एखाद्या दिवशी विसरली, तर 12 तासांच्या आत आठवल्यास घ्यावी. त्याहून उशीर झाला तर ती सोडून द्यावी आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी एकच घ्यावी. दोन एकदम कधीही नाहीत. कॅप्सूल पाण्याबरोबर अख्खी गिळायची. गिळायला जड जाते म्हणून फोडून मधात कालवून देण्याची आपली जी पद्धत, ती इथे अगदी वर्ज्य.

का वर्ज्य, ते जरा विस्ताराने सांगते. थॅलिडोमाइड नावाचे एक औषध 1957 साली पश्चिम जर्मनीत झोपेसाठी विक्रीला आले. गरोदर बायकांना सकाळी मळमळते, त्यावरही ते दिले जाऊ लागले. पुढे हातपाय अपुरे असलेली मुले जन्मू लागली. निरनिराळ्या देशांत मिळून अशी हजारो मुले झाली, आणि 1961 मध्ये जर्मनीत ते औषध मागे घ्यावे लागले. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या डॉक्टरीणबाई सरकारी कचेरीत होत्या. कंपनी घाई करीत असतानाही पुरावा अपुरा म्हणून त्यांनी परवानगी अडवून धरली. त्या बाईंचे मला फार कौतुक वाटते. तेच औषध मायलोमावर चालते हे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आमची लेनालिडोमाइड ही त्याच घराण्यातली. म्हणून दिवस गेलेल्या किंवा जाण्याचा संभव असलेल्या बाईने ही कॅप्सूल हाताळू नये. फुटून पूड अंगाला लागली तर लगेच साबणपाण्याने धुवावे. रुग्ण पुरुष असला तरी औषध त्याच्या वीर्यात उतरते, तेव्हा त्यानेही निरोध वापरावा. लाजून हे विचारायचे राहते, म्हणून उघडच सांगितले. औषध चालू असता आणि बंद केल्यावर 4 आठवडे रक्तदानही करू नये.

आमच्याकडे हा प्रश्न पुस्तकातला राहिला नाही. आजोबांचा डबा पूर्वी माझी मुलगीच पाहत असे. यंदा ती बाळंतपणाला माहेरी आली आणि आल्या आल्या नेहमीप्रमाणे डब्याकडे गेली. मी आधीच तो माझ्या कपाटात कुलूपबंद केला होता. "आजोबांना माझ्या हातचे औषधही नको का?" म्हणून ती रुसली. मग तिला बसवून सगळे सांगितले. आता ती त्यांना पाणी आणून देते, कॅप्सूल मी देते.

उरलेल्या कॅप्सुलांचेही असेच. मूत्रपिंडांची तपासणी पाहून डॉक्टरांनी मामंजींची मात्रा कमी केली, तेव्हा जुन्या कॅप्सुला उरल्या. ओळखीच्या एका बाईंनी त्या आपल्या भावाकरिता मागितल्या. आजार तोच, औषध महाग. मला वाईट वाटले, पण दिल्या नाहीत. प्रत्येकाची मात्रा रक्त आणि मूत्रपिंडे पाहून ठरते. त्या कॅप्सुला मी दुकानात परत नेऊन दिल्या. त्या बाई अजून माझ्याशी मोकळेपणी बोलत नाहीत. असो.

सोबत डेक्सामेथासोनच्या गोळ्या असतात. मामंजींना त्या आठवड्यातून एकदाच, पाच गोळ्या एकदम, सकाळी न्याहारीनंतर. आठवड्याचे औषध चुकून रोज दिले तर फार वाईट, म्हणून ते वेगळ्या डबीत. मामंजींचा गुरुवारचा उपास, आणि गोळी उपाशीपोटी नको. तेव्हा डॉक्टरांना विचारून रविवार ठरवला. त्या रात्री त्यांना झोप येत नाही, आणि रक्तातली साखर वाढते म्हणून रविवारचा शिरा बंद झाला. यावर मात्र ते रागावतात.

दुखण्यावर दुकानातून वेदनाशामक गोळी परस्पर आणू नये. त्यातल्या पुष्कळ गोळ्या मूत्रपिंडांना बाधतात. कोणी प्रेमाने काढा सांगितला तरी आधी डॉक्टरांना दाखवावा. पाणी किती प्यायचे तेही त्यांनाच विचारावे. या औषधाने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, म्हणून रक्त पातळ राहण्याची गोळी दिली असेल तर ती मनाने थांबवू नये. एकच पाय सुजून दुखू लागला, एकदम धाप लागली किंवा छातीत दुखले, तर सकाळची वाट न पाहता निघावे. ताप 100.4 झाला तरी तसेच. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, साधा ताप म्हणून घरी ठेवू नये. थर्मामीटर मी डब्यातच ठेवते आणि झाकणावर आतून डॉक्टरांचा व रिक्षावाल्याचा फोन नंबर चिकटवला आहे.

कोणाच्या घरी हे औषध चालू असेल आणि कॅलेंडर कसे आखते ते पाहायचे असेल, तर दुपारी चारनंतर मी घरीच असते.