यादीतली अकरावी मागणी

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. ७३वी घटनादुरुस्ती, अकरावी अनुसूची, पंचायतींचे २९ विषय, हे सगळं लिहून मार्क मिळवलेत. पण आमदारापुढे कुठली मागणी आधी ठेवायची हे पंचायतीत ठरतं कसं, ते पुस्तकात नव्हतं. ते आमच्या गावच्या ग्रामसभेत बघितलं.

सुवर्णसौधमध्ये हिवाळी अधिवेशन भरायचं होतं, म्हणून निवेदनाची तयारी चाललेली. ज्यानं आधी तोंड उघडलं त्याची मागणी आधी. पहिली गावची कमान, मग समुदाय भवन, मग गटार, मग दिवे. मराठी शाळेचा विषय अकरावा. पाच वर्ग आणि शिक्षिका एकच, ती रजेवर गेली की शाळेला सुट्टी. आम्ही बोललो होतो 'दुसरी शिक्षिका द्या', कन्नड कागदावर उतरलं 'शाळेच्या सोयी'. वाचून न घेताच आम्ही सह्या केल्या. ही चूक आमचीच.

निवेदन दिलं, फोटो झाला. कमान मंजूर झाली. शाळेला बाकं आली. खोटं कशाला बोलू, बाकं चांगली आहेत. शिकवायला मात्र अजून एकटीच.

चौदा मागण्या दिल्या की त्यातली सगळ्यात सोपी कुठली, हे आमदारच ठरवणार. मग प्राधान्यक्रम आपला कुठे राहिला? गटार, दिवे ही पंचायतीच्या हातातली कामं. शिक्षकाची नेमणूक मात्र पंचायत करू शकत नाही, ती राज्य सरकारच करतं. त्यामुळे निवेदनात तेवढंच जायला हवं होतं.

ठराव म्हणजे नुसता कागद, असं आपले लोक म्हणतात. तसं असतं तर २००५ साली सीमाप्रश्नाच्या ठरावावरून बेळगाव महापालिका बरखास्त झाली नसती. सरकार ठराव वाचतं, एवढं आपल्याला तेव्हाच कळायला हवं होतं.

आणखी एक. कर्नाटकच्या विधान परिषदेत ७५ जागा आहेत. त्यातल्या २५ स्थानिक संस्थांचे सदस्य निवडतात, आपल्या बेळगाव जिल्ह्यातून दोन. म्हणजे आपला ग्रामपंचायत सदस्य त्या आमदाराचा थेट मतदार. निवडणुकीत त्याच्या दारात गाड्या येतात, जेवणावळी होतात. तेव्हा 'आमच्या शिक्षिकेचं काय?' असं कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही.

सभेनंतर एक काका माझ्यावर रागावले. म्हणाले, "पोरी, आधी सरकारी कागद मराठीत मागा. शाळेचं नंतर बघू." काकांनी आंदोलनात लाठ्या खाल्ल्यात, त्यांना उलट बोलायला जीभ रेटत नव्हती. तरी म्हटलं, "काका, ही शाळा बंद पडली तर मराठीत आलेला कागद वाचणार कोण?" ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, "शेजारच्या गावात माझे साडू सदस्य आहेत. त्यांच्याशी बोलू?"

आता तीन पंचायतींत एकाच मजकुराचा ठराव ठेवायचा आहे. मागणी एकच, रिक्त जागेवर मराठी शिक्षक. आम्ही कन्नड आणि मराठी, दोन्ही मजकूर आधीच तयार ठेवलेत. एसडीएमसीतल्या बायका पुढच्या रांगेत बसणार आहेत. पीडीओंनी लिहिलेलं मी मोठ्यानं वाचून दाखवणार, आणि त्यानंतरच सह्या.