सात वाट्यांचा आकडा



आज एकच आकडा घेऊ. पाटीवर लिहा : १,४२,८५७. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न.

एवढा लांब आकडा दिसला की पुष्कळांना धडकी भरते. मग "तुम्हीच बघा साहेब" म्हणायचे आणि सही करून मोकळे व्हायचे.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई येत. चार भाऊ, तीन बहिणी. वडिलांची जमीन विकली, दहा लाख रुपये आले. सातांना सारखे वाटे. कागदावर बाईंच्या नावापुढे १,२४,८५७ लिहिले होते. सहीच्या आधी त्या कागद वर्गात घेऊन आल्या. आम्ही म्हटले, सातांनी गुणा. आले ८,७३,९९९. मग बाकीचे गेले कुठे? शोधले, तर चार आणि दोन हे अंक उलटे पडलेले! तेवढ्यानेच बाईंना अठरा हजार कमी. लिहिणाऱ्याची चूक होती, लबाडी नव्हती. कागद दुरुस्त झाला. पण सही आधी झाली असती तर?

खरा वाटा १,४२,८५७. याला सातांनी गुणले की ९,९९,९९९ होतात. एक रुपया उरतो. तो कोणाला द्यावा यावर वर्गात बराच वाद झाला, ते असो.

आता गंमत बघा. दोन वाटे म्हणजे २,८५,७१४. तीन वाटे म्हणजे ४,२८,५७१. तेच सहा अंक, त्याच क्रमाने, घाण्याच्या बैलासारखे गोल फिरतात. सहा वाट्यांपर्यंत असेच चालते. म्हणून हिला चक्रीय संख्या म्हणतात.

धान्याचे प्रकार असतात तसे संख्यांचेही असतात. शेवटी ७ आहे, म्हणून ही विषम. हिच्या अंकांची बेरीज करा : १+४+२+८+५+७, झाले २७. या २७ ने मूळ आकड्याला भागा. ५,२९१ येतात, बाकी काही नाही. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला पुरता भाग जातो, ती 'हर्षद' संख्या. म्हणजे आनंद देणारी. हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी. नाशिकजवळ देवळालीला ते शाळामास्तर होते. त्यांच्या स्वतःच्या नावाचाही एक प्रकार आहे, आणि आपला आकडा त्यातही बसतो. त्याला त्यानेच गुणा : २०,४०,८१,२२,४४९. याचे दोन तुकडे करा, २०,४०८ आणि १,२२,४४९. बेरीज करा. पुन्हा १,४२,८५७! ही झाली कापरेकर संख्या.

एक मात्र ध्यानात ठेवा. बाईंच्या त्या चुकलेल्या आकड्याच्या अंकांची बेरीजही २७च होती. अंक उलटे पडले तरी बेरीज बदलत नाही. तिथे सातांनी गुणूनच बघावे लागते.

आता चार वाटे आणि पाच वाटे तुम्ही काढा. चार वाट्यांचे उत्तर पाचाने सुरू होते, एवढेच सांगतो.