वर्गणीची पावती आणि बाईची ओळख

 

२०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणेला पूर आला, ते दिवस आपण विसरलो नाही. रानं खरडून गेली, कुणाच्या दावणीची जनावरं गेली, कुणाच्या घरातलं धान्य भिजलं. त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकामागून एक निरोप येत होते. ‘पूरग्रस्तांना मदत करा’ आणि खाली तो काळा-पांढरा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड. एका मावशीने मला फोन केला. म्हणाल्या, “ताई, शंभर रुपये टाकावं म्हणते. पण हे जातेत कुणाकडं?”

मला उत्तर देता आलं नाही. निरोप कुणी पाठवला, खातं कुणाचं, हिशोब कोण देणार, कशाचाच पत्ता नव्हता. “थांबा मावशी,” एवढंच म्हणाले. पण ज्याचं घर खरोखर वाहून गेलं, त्याच्यापर्यंतही ते शंभर रुपये गेले नाहीत, याचं वाईट वाटलं.

आज हा विषय काढायचं कारण आहे. आमच्या प्रभागातल्या बायांनी फोनवर उघडणारी एक वेबसाइट सुरू केली आहे. गावातली अडचण तिथं लिहायची, ग्रामसभेच्या आधी आपलं मत नोंदवायचं, श्रमदानाला नाव द्यायचं. आता तिथं दोन गोष्टी जोडायच्या आहेत. एक, तिथूनच देणगी देता यावी. दुसरी, नाव नोंदवणारी बाई खरी आहे याची खात्री व्हावी. यावर आमच्या बैठकीत खूप वाद झाला. त्यातून जे समजलं ते तुम्हाला सांगते.

श्रमदानाची गोष्ट सोपी असते. २०१६ साली पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत झाली, त्यातला एक आपला अंबाजोगाई. पुढे २०१८ च्या १ मेला श्रमदान करायला शहरातल्या लोकांनी ‘जलमित्र’ म्हणून ऑनलाइन नावं नोंदवली. नाव खोटं असलं तरी गावाचं काय बिघडणार? जो आला त्याच्या हातात टिकाव दिला, जो नाही आला त्याची वाट पाहिली नाही. घामाला ओटीपी लागत नाही. पैसा आला की मात्र गोष्ट बदलते.

पैशाचं आधी सांगते. पहिली गोष्ट, खातं. देणगी कुणाच्या वैयक्तिक नंबरवर घ्यायची नाही, माणूस कितीही भला असो. खातं संस्थेच्या नावाचं आणि त्यावर दोघींच्या सह्या, जसं आपल्या गटाचं असतं. दुसरी गोष्ट, परवानगी. नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ क लागू होतं. गणेश मंडळं धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढतात ती याच कलमाखाली. वर्गणी फोनवरून घेतली म्हणून कायदा सुटत नाही. आणि “आयकरात सूट मिळेल” असं कुणी सांगितलं, तर त्या संस्थेची त्या सुटीसाठी नोंदणी आहे का ते विचारा. नोंदणी असली तरी दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला ती सूट मिळत नाही.

तिसरी गोष्ट, पावती. पैसे भरल्याचा फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट, ही पावती नव्हे. तसा खोटा फोटो कुणालाही बनवता येतो. वेबसाइटवर पैसे घेण्याचं काम पेमेंट कंपनी करते. पैसे खरोखर निघाले की ती आपल्या वेबसाइटला स्वतः कळवते आणि एक व्यवहार क्रमांक देते. तो क्रमांक आल्यावरच पावती निघेल, असं आम्ही ठरवलं. ही कंपनी थोडं शुल्क कापते, रक्कम खात्यात पडायला एखाद-दोन दिवस लागतात. म्हणून दर महिन्याला पावत्यांची बेरीज, कापलेलं शुल्क आणि पासबुक समोरासमोर ठेवायचं. आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र काय आहे? नियमित लेखे. तेच इथं.

आता ओळखीचं. बैठकीत एक शिकलेली पोरगी म्हणाली, “सोपं आहे ताई, मोबाईलवर ओटीपी पाठवायचा. एक नंबर, एक बाई.” ऐकायला बरं वाटलं. मग आमच्या गटातल्या एक काकू म्हणाल्या, “फोन मालकाकडं असतो. ओटीपी येईल तो त्यांना. मत कुणाचं धरणार?”

सगळ्या गप्प झाल्या. ओटीपीने कळतं ते एवढंच, की तो फोन आत्ता कुणाच्या तरी हातात आहे. हात कुणाचा, ते कळत नाही. एका घरात सासू, दोन सुना आणि फोन एक. ‘एक नंबर, एक बाई’ म्हटलं तर दोघी तिथंच गळाल्या. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याला गेलेली आपली बहीण तिकडं रिचार्ज संपला की नंबर सोडून देते. तीही गळाली. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, एका बाईच्या हातात पडलं. पण आज कितीतरी बायांच्या आधारला जोडलेला मोबाईल नवऱ्याचा, नाही तर मुलाचा आहे.

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत हे आपण पाहिलं. आधी बाईच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. ज्यांना नवराही नाही आणि वडीलही नाहीत, त्या बहिणी अडकल्या. पुढे मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली आणि अशा बहिणींना कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय झाली. म्हणजे शेवटी कामाला आलं ते ओळखीचं माणूसच.

म्हणून आमच्या बैठकीत ठरलं ते असं. पैसे मागणाऱ्याची ओळख कडक तपासायची, बोलणाऱ्या बाईची ओळख सोपी ठेवायची. बाईची खात्री गटाच्या बैठकीत होईल. अध्यक्ष आणि सचिव हजेरी वहीत बघून तिला एक सदस्य क्रमांक देतील. एका फोनवरून चार बाया आपापल्या क्रमांकाने मत नोंदवू शकतील. गटात नसलेल्या बाईचं नाव मतदार यादीत बघायचं, कारण त्या यादीतली प्रत्येक जण ग्रामसभेची सदस्य आहे. फडावर असलेल्या बहिणीला बैठकीतून फोन लावायचा. तिचा आवाज तिच्या गटातल्या बाया ओळखतात. आधारचा फोटो कुणाकडूनही मागायचा नाही. कुठं द्यावाच लागला तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या.

आणि देणगीची वही वेगळी, मताची वही वेगळी. पाच हजार देणाऱ्याचं मत आणि काहीच देऊ न शकणाऱ्या विधवा आक्काचं मत सारखंच मोजायचं. नाही तर उद्या एखादा मुकादम पैसे टाकेल आणि गावाचं काम तोच ठरवेल.

जाता जाता चार गोष्टी लक्षात ठेवा. पैसे पाठवण्याआधी फोनवर कुणाचं नाव दिसतं ते वाचा. निरोपात संस्था आणि फोनवर भलत्याच माणसाचं नाव असेल, तर तिथंच थांबा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. मध्येच नेट गेलं आणि पैसे कापले गेले, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी खातं बघा. आणि फसवणूक झालीच तर लाजू नका. लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

त्या मावशींना मी परवा सांगितलं, “मावशी, आता कुणी पैसे मागितले तर तीन प्रश्न विचारा. खातं कुणाच्या नावाचं, पावती कोण देणार, हिशोब कधी दाखवणार?” त्या म्हणाल्या, “एवढंच ना? हे तर आपण गटात दर महिन्याला विचारतोच की.”

खरंच विचारतो. पुढच्या बैठकीत तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर हे तीन प्रश्न लिहून ठेवा.