गल्ल्यातला पैसा कोणाचा?



आपल्याकडे पाडव्याला सालदार ठरतो. त्या वेळी आपण काय काय बोलतो? रोख किती, ज्वारी किती, कपडे किती, उचल किती. ज्याने शाळा पाहिली नाही तो शेतकरीसुद्धा हा हिशेब तोंडी करतो. पण त्याचाच मुलगा रस्त्यावर दुकान टाकतो, तेव्हा नोकराचा नुसता पगार धरतो. बाकीचे सगळे विसरतो.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. गोष्ट सांगायला त्याची हरकत नाही, पण नाव सांगू नका म्हणाला. रिसोडच्या वाटेवर त्याचे पाइपांचे दुकान आहे. जागा घरची, तीन नोकर. घर शेतीवर चालते. एके दिवशी तो आला आणि ओट्यावर बसला.

“गुरुजी, दुकान त चांगलं चालते. पण जीएसटीची नोटीस आली. पाच महिन्यांचा कर राहिला. पैसा कुठं गेला तेच समजत नाही.”

मी म्हटले, “वही काढ.”

आधी एक पाइप घेतला. खरेदी 900 रुपये. त्यावर शेकडा 18 कर, म्हणजे 162. व्यापाऱ्याला दिले 1,062. विक्री 1,000 रुपये, त्यावर कर 180. गिऱ्हाइकाने दिले 1,180. मग हातात राहिले किती? 118. हा गडी 118 रुपये नफा समजत होता. पण गिऱ्हाइकाकडून कराचे 180 आले, आणि खरेदीत कराचे 162 आधीच गेले. मधले 18 रुपये सरकारला भरायचे आहेत. नफा फक्त 100.

तुम्ही म्हणाल, 18 रुपयांनी काय होते? महिन्याचा हिशेब पाहा. त्याची विक्री कर सोडून 4 लाखांची. म्हणजे खरा नफा 40,000. सरकारचे 7,200. दोन्ही एकाच गल्ल्यात, म्हणून गल्ल्यात दिसतात 47,200.

आता नोकर. प्रत्येकाला महिना 14,000. वर्षाचे झाले 1,68,000. दिवाळीला 7,000. कपड्यांचे 2,000. रोज दोन वेळचा चहा 20 रुपयांचा, वर्षाचे 300 दिवस धरले तर 6,000. चहाचा खर्च कोणी लिहीत नाही, बरे का! एकूण 1,83,000. महिन्याला 15,250. तिघांचे 45,750.

47,200 मधून 45,750 गेले. उरले 1,450. म्हणून त्याला वाटे, दुकान चालते आहे. पण 7,200 सरकारचे होते. दर महिन्याला 5,750 रुपये तो सरकारच्या पैशातून पगाराला घालत होता. विजेचे बिल अजून धरलेच नाही. पाच महिन्यांत 36,000 रुपये कर थकला. वर शेकडा 18 दराने व्याज, आणि उशिराबद्दल दर दिवसाचे शुल्क वेगळे.

तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे एका नोकरासाठी मले किती माल विकावा लागते?” हा प्रश्न त्याने दुकान उघडण्याआधी विचारायला हवा होता. शंभराला दहा नफा असेल तर 15,250 रुपयांसाठी दीड लाखाच्या वर माल विकावा लागतो. दर महिन्याला. एका माणसासाठी.

उधारीने आणखी घोळ केला होता. आपला शेतकरी सोयाबीन विकल्यावर पैसे देतो. पण कर बिलाच्या तारखेने लागतो, पैसे मिळाल्याच्या तारखेने नव्हे. मृगात बिल फाडले आणि पैसे दिवाळीला मिळाले, तरी कर पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचा. कोणी म्हणतात, मग बिलच देऊ नका. मी असला सल्ला देणार नाही. बिल नसले तर उधारी बुडाल्यावर दाखवायला कागद राहत नाही.

आपल्या वऱ्हाडाला असला कर नवा नाही. मध्यप्रांत-वऱ्हाडचा विक्रीकराचा कायदा 1947 सालचा. 2005 साली व्हॅट आला, 1 जुलै 2017 पासून जीएसटी. आज आपल्या राज्यात नुसता माल विकणाऱ्याची वर्षाची विक्री 40 लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. दीड कोटीपर्यंतच्या लहान दुकानदाराला एक सोपी वाट आहे. तिला कंपोझिशन म्हणतात. त्यात विक्रीवर शेकडा एक कर स्वतःच्या खिशातून भरायचा. बिलात गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही. खरेदीवरचा कर वजा मिळत नाही. वर्ष सुरू होण्यापूर्वी ही वाट निवडावी लागते. आपल्याला परवडते की नाही, ते कर सल्लागाराकडे बसून आकडे मांडून पाहावे.

नोकराच्या पगारातूनही कर कापायचा असतो. त्याला व्यवसायकर म्हणतात. पुरुषाचा पगार 10,000 च्या वर असेल तर महिना 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300. बाईला 25,000 पर्यंत माफ आहे. हा पैसा कापून गल्ल्यात ठेवला तर तो नोकराचा पैसा आपण दाबला असे होते. माझ्या मते सरकारचा कर थकण्यापेक्षा हे वाईट. दहा माणसे झाली की विमा योजना आणि वीस झाली की भविष्य निर्वाह निधी लागतो. पगार मनाला येईल तितका कमी करता येत नाही. किमान वेतन सरकार ठरवते.

मग त्याने काय केले? बँकेत दुसरे खाते उघडले. रोज रात्री बिले पाहून कराची रक्कम त्यात टाकतो. राहिलेला कर बैल विकून भरला. ते त्याच्या बापाला अजून आवडलेले नाही. तिसऱ्या नोकराला समोर बसवून वही दाखवली. महिनाभर आधी सांगून त्याला मोकळे केले. तो माणूस रडला, हेही सांगतो. सोयाबीन निघाले की हरभऱ्याच्या पाण्यासाठी पाइपांना मागणी येते, तेव्हा तीन महिने तो पुन्हा कामावर असतो. एरवी बाजार समितीत पोती उचलतो. गेल्या कार्तिकात त्याने पगाराच्या वहीत अंगठा न देता सही केली, आणि सही करण्याआधी बेरीज तपासली.

पुढच्या गुरुवारी पगाराची वही कशी आखायची ते फळ्यावर दाखवीन. येताना पट्टी आणि पेन्सिल आणा.