पुठ्ठ्याची विमाने

दिवाळी जवळ आली की मराठी घरांच्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात आणि त्यांच्या तटाबुरुजांवर रंगीत मावळे पहारा देऊ लागतात. मुलांच्या या लुटुपुटूच्या लढाईकडे वडीलधारी माणसे कौतुकाने पाहतात. परंतु त्या खेळात स्वतः बसणे आपल्या वयाला शोभणारे नाही, असे त्यांना वाटते. युरोपात मात्र प्रौढ माणसांनी हा खेळ गंभीरपणे अंगीकारला, त्याला दोन शतकांहून अधिक काळ लोटला आहे. ब्रुन्सविक येथील हेलविग नावाच्या गणितज्ञाने १७८० साली बुद्धिबळाचा पट वाढवून आणि मोहऱ्यांना पलटणींचे रूप देऊन युद्धाचा एक खेळ रचला. आपल्या चतुरंगाचाच तो दूरचा वंशज, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १८२४ साली प्रशियातील राइसवित्झ या तरुण अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या कल्पनेचा विस्तार करून नकाशा, फासे आणि पंच यांच्या साहाय्याने खेळावयाची युद्धक्रीडा सिद्ध केली. प्रशियाच्या सैन्याने ती अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारली.

या खेळाला सैनिकी शाळेतून दिवाणखान्यात आणले ते प्रसिद्ध इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी. शिशाचे सैनिक आणि स्प्रिंगवर चालणाऱ्या छोट्या तोफा घेऊन जमिनीवर लढाया कशा खेळाव्यात, याचे नियम त्यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात दिले. युद्धाची हौस असलेल्यांनी ती अशा खेळात भागवावी, कारण दोनचार डाव खेळलेल्या माणसाला खरे महायुद्ध हा किती अवाढव्य आणि आंधळा कारभार असेल हे आपोआप उमगते, असा त्यांचा युक्तिवाद होता. युरोपने तो ऐकला नाही. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

वेल्स यांच्या खेळात पायदळ, घोडदळ आणि तोफखाना एवढीच दले होती. पण १९१४ ते १९१८ या चार वर्षांत विमान हे युद्धाचे एक प्रमुख साधन झाले आणि कालांतराने ते या टेबलावरच्या रणांगणातही उतरले. आज अनेक देशांत आकाशयुद्धाचे असे खेळ खेळले जातात. प्रत्येक विमान एका बारीक दांडीवर बसविलेले असते. दांडी जितकी उंच, तितके विमान अधिक उंचीवर आहे असे समजावयाचे. दोन्ही खेळाडूंनी आपली पुढची हालचाल गुप्तपणे ठरवावयाची, ती एकाच वेळी उघड करावयाची आणि मग अंतर व दिशा मोजून नेम लागला की नाही हे पाहावयाचे, असा या खेळाचा साधारण क्रम असतो.

या खेळासाठी धातूची आणि प्लास्टिकची विमाने विकत मिळतात. कापून चिकटवावयाचे छापील आराखडेही मिळतात. पोलंडमध्ये तर १९५७ सालापासून अशा आराखड्यांचे एक स्वतंत्र नियतकालिक निघू लागले. परंतु विकतच्या कोणत्याही संचाला हात न लावता, कोरा पुठ्ठा, कात्री, धारदार पाते आणि डिंक एवढ्याच भांडवलावर मुळापासून विमान घडविणाऱ्या हौशी लोकांचा पंथ निराळा आहे. हा मार्ग स्वस्त आहे हे खरे. त्याने मिळणारे ज्ञान मात्र विकत घेता येत नाही.

उदाहरणादाखल पहिल्या महायुद्धातील 'एस. ई. ५ ए' हे ब्रिटिश लढाऊ विमान घेऊ. फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत त्याचा आराखडा तयार झाला आणि या मालिकेतील पहिले विमान नोव्हेंबर १९१६ मध्ये आकाशात झेपावले. पुठ्ठ्याच्या कारागिराला हे विमान जणू वरदानच आहे. कारण त्याच्या धडाच्या बाजू सपाट आहेत, नाक मोटारीच्या नाकासारखे चौकोनी आहे आणि दोन्ही पंख सरळ कडांचे आहेत. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायरचे लंबवर्तुळाकार पंख आणि सर्व बाजूंनी गोलावलेले धड पुठ्ठ्यात उतरविणे त्या मानाने फार अवघड.

या खेळात १:१४४ हे प्रमाण सोयीचे पडते. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ८.१ मीटर आणि लांबी सुमारे ६.४ मीटर, म्हणजे टेबलावरचे विमान ५६ मिलिमीटर रुंद आणि ४४ मिलिमीटर लांब होते. ते तळहातावर सहज मावते. पंखाची रुंदी जेमतेम साडेदहा मिलिमीटर भरते. एवढ्या लहान मापात अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या विमानातील सात सेंटिमीटरांची चूक, हे ध्यानात ठेवावे लागते. त्या काळचे पंख मात्र मुळातच पातळ असत. त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा एकेरी पुठ्ठा त्यांच्या जाडीशी बराच मिळताजुळता ठरतो. जुन्या लग्नपत्रिकांचा किंवा वहीच्या वेष्टनाचा कागद या कामी उत्तम.

कागदालाही लाकडाप्रमाणे रेषा असतात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कारखान्यात कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने पसरतात. पुठ्ठा दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहिला की एका दिशेने तो सहज वाकतो आणि दुसरीकडे विरोध करतो, असे आढळते. पंख कापताना हे तंतू पंखाच्या लांबीच्या दिशेने ठेवावेत. तसे केल्याने पंखाची टोके खाली झुकत नाहीत आणि पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत जी सौम्य कमान हवी असते, तीही गोल पेन्सिलीवर फिरवून सहज देता येते. खऱ्या विमानातही लांबीच्या दिशेने भक्कम लाकडी वासे आणि आडव्या दिशेने कमानदार फासळ्या असत. कागद नीट लावणारा माणूस नकळत तीच रचना पुन्हा करीत असतो.

धडासाठी तळ, दोन बाजू आणि वरचा भाग एकाच तुकड्यावर आखून घ्यावयाचा. घडीच्या रेषेवर शाई संपलेल्या बॉलपेनचे टोक दाबून फिरविले की घडी काटेकोर बसते. शेपटीकडे धड निमुळते होत जाऊन उभ्या कडेत संपते. खालचा पंख दोन्ही बाजूंना सुमारे पाच अंश वर उचललेला असावयास हवा. त्यासाठी तेवढ्याच कोनाचा पुठ्ठ्याचा तुकडा कापून तो आधाराला ठेवावा. खरी कसोटी लागते ती वरचा पंख बसविताना. तो खालच्या पंखाच्या थेट वर नसून किंचित पुढे असतो. मधले खांब सुटे लावू गेल्यास एक बसवावा तर दुसरा कलतो. म्हणून अनुभवी माणसे प्रत्येक बाजूचे दोन खांब एकाच तुकड्यातून कापून घेतात. बंदुकांच्या नळ्यांना टाचणी पुरते. कार्यालयातील पंचमधून पडणाऱ्या कागदी टिकल्या एकावर एक चिकटविल्या की चाके होतात. ती प्रमाणापेक्षा किंचित मोठी असली तरी खपून जातात. शेवटी कापलेल्या कडांची पांढरी रेघ रंगाने झाकावी, नाहीतर सारे कष्ट असूनही विमान कागदीच दिसते. वरून खाकी तपकिरी, खालून कापडाचा फिकट पिवळसर रंग आणि पंखांवर ब्रिटिश वर्तुळे काढली की विमान पुरे झाले.

यात काय गाळावयाचे हे ठरविणेही कौशल्याचेच काम आहे. पंखांमधील ताणतारा बहुतेक जण गाळतात, कारण खेळाचे विमान शेकडो वेळा हाताळले जाते. दोन हातांच्या अंतरावरून ते ओळखू आले पाहिजे, एवढीच त्याची अट. या ओळखीला युद्धात केवढे मोल होते ते अमेरिकेतील एका उपक्रमावरून दिसते. १९४२ साली तेथील नौदलाने देशभरातील शाळांतील मुलांकडून १:७२ प्रमाणाची पाच लाख काळी विमाने करवून घेण्याचे ठरविले. त्यांत बारकावे नव्हते, केवळ आकार होता. कारण आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकाला क्षणार्धात आकारावरूनच ठरवावे लागे.

आकार केवळ ओळख देत नाही, तो विमानाचा स्वभावही सांगतो. एस. ई. ५ ए च्या शेजारी जर्मनांचे फोकर त्रिपंखी विमान करून ठेवावे. त्याचे नाक आखूड आणि गोल, कारण त्यातील इंजिन स्वतःच गरगर फिरणारे. पंख तीन, आणि सारे वजन मध्याशी एकवटलेले. म्हणून ते चटकन वळे आणि झपाट्याने वर चढे. पण तीन पंखांना वाऱ्याचा विरोधही अधिक, त्यामुळे त्याचा वेग ताशी सुमारे १८५ किलोमीटरच्या पुढे जात नसे. ब्रिटिश विमानाच्या लांब चौकोनी नाकात पाण्याने थंड होणारे जड आणि शक्तिमान इंजिन बसलेले. त्याचा वेग ताशी सुमारे २२० किलोमीटर. खेळाचे नियम हाच फरक हालचालींत उतरवितात. एस. ई. ५ ए चा खेळाडू त्रिपंखीच्या मागे गोल फिरू लागला की हमखास मार खातो. त्याने उंचावरून झेप घ्यावी, गोळ्या झाडाव्यात आणि वेगाने निघून जावे. ज्याने दोन्ही विमाने स्वतःच्या बोटांनी घडविली आहेत, त्याला हा नियम पाठ करावा लागत नाही.

येथे एक आक्षेप मनात येतो. ज्या यंत्रांनी माणसे मारली त्यांच्याशी खेळणे कितपत योग्य? उत्तर देण्यापूर्वी याच विमानातून लढलेल्या एका भारतीय तरुणाचे स्मरण करावयास हवे. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय १९१७ साली ब्रिटिशांच्या हवाई दलात दाखल झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांचे एस. ई. ५ ए कोसळले. ते मृत समजून त्यांना शवागारात ठेवले गेले आणि तेथे ते शुद्धीवर आले, असे सांगतात. उड्डाणास अपात्र ठरविले गेले असतानाही चिकाटीने प्रयत्न करून ते आघाडीवर परतले. जुलै १९१८ मध्ये ६ ते १९ तारखांच्या दरम्यान त्यांच्या नावावर दहा विजय नोंदले गेले. २२ जुलै रोजी फोकर विमानांशी झालेल्या झुंजीत ते कामास आले. त्या वेळी ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हा सन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला.

त्या काळी ब्रिटिश वैमानिकांना हवाईछत्रीही दिली जात नसे. लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले रोगणी कापड, एवढेच त्यांच्यात आणि मृत्यूत अंतर. टेबलावर पाडलेले विमान खेळाडू दांडीसकट उचलून पेटीत ठेवतो आणि पुढच्या रविवारी ते पुन्हा उडते. त्याच्या मूळ विमानातील माणसाच्या वाट्याला पुढचा रविवार आला नाही. विकत आणलेल्या सोंगट्यांशी खेळणाऱ्याला याचा विसर पडणे शक्य आहे. पण पंखाचा तो पातळ तुकडा कापताना, तो बोटांखाली मोडू नये म्हणून श्वास रोखून धरताना, आतल्या माणसाला किती थोडा आडोसा होता हे कारागिराला कळल्यावाचून राहत नाही. वेल्स यांना आपल्या खेळातून हेच घडावे असे वाटत होते. युद्धाची हौस फिटावी आणि त्याचा भ्रमही फिटावा.

इंद्रलाल रॉय यांच्याविषयी आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे. अपघातानंतरच्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी विमानांची अनेक रेखाचित्रे काढली आणि त्यांतील कित्येक आजही शिल्लक आहेत. पंखांचा कोन, नाकाची ठेवण, शेपटीचा निमुळतेपणा कागदावर न्याहाळत तो अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा बसला असेल. शंभर वर्षांनंतर पेन्सिल आणि मोजपट्टी घेऊन त्याच विमानाच्या रेषा पुठ्ठ्यावर उतरविणारा माणूस त्याच्याच कामाला बसलेला असतो. फरक इतकाच की, रेषा पुऱ्या झाल्यावर याला त्या विमानात चढावयाचे नसते.