तुंबा आणि टोपली



भांडें दोन रीतींनीं जन्मास येतें. एक वेलीवर आयतें वाढतें, तें म्हणजे भोपळ्याचा तुंबा. दुसरें मनुष्याच्या बोटांतून आकारास येतें, तें म्हणजे बुरुडाची टोपली. या दोहोंची गांठ घातली असतां काय साधतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम दोहोंचे गुणदोष पाहूं. वाळलेला तुंबा वजनानें हलका असून पाणी धरून ठेवतो. म्हणूनच तो बैराग्याच्या हातांत असतो आणि पोहावयास शिकणाराच्या पाठीलाहि बांधला जातो. परंतु त्याची कड ठिसूळ. एकदां तडा गेला कीं तो वाढतच जातो, आणि अखेर तुंबा उकिरड्यावर पडतो. टोपलीचें नेमकें उलट. तिच्यांत पाणी राहत नाहीं, पण ती पडली तरी फुटत नाहीं. दाबली तर लवते. एकाची उणीव दुसऱ्यानें भरून काढणें, हाच या कलेचा मूळ हेतु होय.

विणण्याचे मुख्य प्रकार तीन. उभ्या कामट्यांपैकीं एकीच्या पुढून व दुसरीच्या मागून आडवी पट्टी नेणें, हा पहिला. दोन आडव्या पट्ट्या बरोबर घेऊन प्रत्येक उभ्या कामटीपाशीं त्यांस एकमेकींभोंवतीं पीळ देणें, हा दुसरा. गवताच्या जुडग्याचें चुंबळीसारखें वेटोळें करीत जाऊन प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यास शिवणें, हा तिसरा.

पहिल्या प्रकारांत थोडें गणित दडलेलें आहे. एकच पट्टी गोल फिरवावयाची तर उभ्या कामट्यांची संख्या विषम पाहिजे. ती सम असल्यास दुसऱ्या फेरींत पट्टी पहिल्याच वाटेनें जाते व वीण बसत नाहीं. सम-विषमाची व्याख्या घोकणाऱ्या मुलास हें एका परडीनें कायमचें समजतें. १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षण परिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तव्यवसायास शिक्षणाच्या केंद्रस्थानीं बसविलें, त्यांतील मर्म हेंच.

तुंब्यास तिसरा प्रकार विशेष मानवतो. हलविला असतां आंतील बिया खुळखुळतात असा पूर्ण वाळलेला भोपळा घ्यावा. तोंड कापतांना व आंतील गर खरडतांना नाकातोंडास फडकें बांधावें, कारण ती धूळ श्वासाबरोबर आंत जाऊन घशास त्रास देते. मग परीघ दोऱ्यानें मोजून कडेखालीं पाव इंचावर, अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या अंतरानें, भोंकें पाडावींत. आरी ठोकूं नये, फिरवावी. ठोकल्यास तडा जातो. नंतर भिजवून मऊ केलेल्या गवताचें पेन्सिलीएवढें जुडगें कडेवर बसवावें आणि दाभणांत घायपाताचा वाख ओंवून प्रत्येक भोंकांतून टांका ओढून घ्यावा. पहिली फेरी भोंकांतून, पुढील सर्व फेऱ्या खालच्या वेढ्यांतून. फुटलेल्या तुंब्याच्या तड्यासहि दोन्ही अंगांस भोंकें पाडून शिवतां येतें. आफ्रिकेंत ही रीत जुनी आहे.

तुंबा आणि वीण यांची ही सोयरीक इतरत्रहि जमलेली आहे. हवाई बेटांवर पूर्वीं भोपळ्याच्या भांड्याभोंवतीं ‘इएइए’ नांवाच्या वेलीच्या मुळ्यांची घट्ट वीण बसवीत, आणि आपल्या शिंक्यासारख्या दोरीच्या जाळ्यांतून भांडीं वाहून नेत. इतकें लांब जावयासहि नको. पालघर जिल्ह्यांतील वारल्यांचा तारपा पाहा. वादकाची फुंकर सांठविणारा भोपळा, स्वरांच्या नळ्या बांबूच्या, नाद मोठा करणारा कर्णा ताडाच्या पानांच्या पट्ट्या गुंडाळून केलेला, आणि सांधे मेणानें बुजविलेले. तुंबा व टोपली येथें गाऊं लागतात!

आज प्लॅस्टिकच्या बादलीपुढें तुंब्याची गरज उरली नाहीं, असें कोणी म्हणेल. गरज भांड्याची नसेल. पण डोळस हातांची आहे. परडीचें मोल करतांना आपण बांबूचा भाव पाहतों, बोटांचा पाहत नाहीं. यासाठीं प्रत्येक घरांत मुलांनीं व वडील माणसांनीं मिळून एखादा तुंबा शिवून पाहावा. पहिली कड वांकडी होईल, वाख तुटेल, बोटें दुखतील. परंतु ज्यानें एवढें केलें, तो पुढें बुरुडाच्या दारांत चार पैशांसाठीं घासाघीस करणार नाहीं. त्या कारागिरास मिळणारा रास्त दाम, हेंच या विणकामाचें खरें फळ होय.