भित्तिपत्रकाचे जाड अक्षर

पुस्तकाचे अक्षर हातभर अंतरावरून वाचले जाते आणि भिंतीवरचे अक्षर वाटसरूला चालता चालता टिपावे लागते. हा फरक मुद्रणकलेने साडेतीनशे वर्षे फारसा मनावर घेतला नाही, कारण मोठे अक्षर हवे असल्यास पुस्तकी वळणच मोठ्या आकारात ओतून काम भागत असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या भिंती नाटकांच्या आणि लॉटरीच्या जाहिरातींनी भरू लागल्या, तेव्हा खिळे ओतणाऱ्या रॉबर्ट थॉर्नने उभ्या रेषा अतोनात फुगवलेले आणि आडव्या रेषा केसासारख्या बारीक ठेवलेले वळण प्रचारात आणले, ज्याला पुढे 'फॅट फेस' हे नाव पडले. (थॉर्नच्या मृत्यूनंतर 1820 मध्ये त्याची ओतशाळा विल्यम थॉरोगुडने विकत घेतली, तीही लॉटरीत जिंकलेल्या पैशातून, असे सांगतात.) व्हिन्सेंट फिगिन्सने तर सेरिफ, म्हणजे रेषेच्या टोकाची छोटी आडवी पट्टी, मुख्य रेषेइतकीच जाड केली. थॉर्नच्या जुन्या ओतशाळेतून 1845 मध्ये रॉबर्ट बेस्लीचे 'क्लॅरेंडन' निघाले. त्याला कायद्याने 3 वर्षांचे संरक्षण मिळाले खरे, परंतु मुदत सरताच इतर ओतशाळांनी त्याच्या नकला बाजारात आणल्या.

शिशाचा मोठा खिळा मात्र जड, महाग आणि निवताना पृष्ठभाग खडबडीत होणारा असे. ही अडचण लाकडाने दूर केली. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने 1827 मध्ये यांत्रिक कोरणी वापरून लाकडी अक्षरे मोठ्या प्रमाणावर बनवण्यास आरंभ केला, आणि 1834 मध्ये विल्यम लेव्हनवर्थने तिला पँटोग्राफ, म्हणजे नमुन्यावरून सांधेदार दांड्यांच्या साहाय्याने लहानमोठी प्रतिकृती काढणारे साधन, जोडले. एकच अक्षर अरुंद, रुंद, अतिरुंद अशा अनेक रूपांत मिळू लागल्यामुळे शब्द लहान असो वा मोठा, ओळ कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत भरता येऊ लागली. जुन्या भित्तिपत्रकांवरील ओळीगणिक बदलणारी वळणे म्हणूनच केवळ हौसेची नव्हेत, तर जुळाऱ्याच्या गरजेचीही होती.

आजचे 'जुन्या धाटणीचे' संगणकीय टंक पुष्कळदा त्या अक्षरांचे टवके आणि शाई न लागलेले ठिपके जपून उतरवतात, ज्यांना त्या काळच्या मुद्रकाने बहुधा दोषच मानले असते. खरे कसब निराळ्या जागी आहे: रेषा जाड होत जाते तसतशी अक्षराच्या पोटातील पांढरी जागा आक्रसते, आणि ती पुरती बुजली की अक्षर ओळखू येत नाही. देवनागरीत हे अधिकच अवघड, कारण शिरोरेखा, काना, गाठी आणि वरखालच्या मात्रा त्याच जागेसाठी झगडतात. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने 'मोदक' या गुबगुबीत देवनागरी टंकात ही पोकळी जवळजवळ मिटवून तिच्या जागी बारीकशा पांढऱ्या फटी ठेवल्या आहेत. त्या इतक्या निरुंद आहेत की लहान आकारात छापल्यास अक्षरे एकमेकांत मिसळतात, पण दुकानाच्या पाटीइतक्या आकारात ती स्वच्छ वाचता येतात.